अर्धं टेबल तुझं

मला चिनी लिहिता येतं, असं मी छातीठोकपणे सगळ्यांना सांगत सुटले होते. दादाला, वहिनीला, कारखान्यातल्या कटिंगच्या मास्तरांना, आणि ज्यांनी विचारलंही नव्हतं त्यांनाही. खोटं नव्हतं हो ते! रोज सकाळी डोळे उघडले की मी माझ्या मुलाला फोनवर चिनीत लिहायचे. उठलास का, दात घासलेस का, काल गुडघा फुटला तो दुखतोय का. तोही उलट लिहायचा. आता एवढं करणाऱ्या बाईला लिहिता येतं म्हणायचं नाही, तर काय म्हणायचं?

मुलाला आम्ही बटण म्हणतो. जन्मला तेव्हा नाक एवढंसं, गोल, शर्टाच्या बटणासारखं. मी शर्टांच्या कारखान्यात काज-बटणाच्या मशीनवर असते, मला दुसरं काय सुचणार! ते मशीन बसवायला चीनमधून एक माणूस आला होता. त्याने मशीन बसवलं, आम्हा बायकांना शिकवलं, आणि माझ्याशी लग्न करून इथेच राहिला. आमची भाषा अशी शिकला की भाजीवाल्याशी भावावरून हुज्जत घालायचा. त्यामुळे मला त्याची भाषा शिकायची कधी गरजच पडली नाही.

मग तिकडे त्याची आई अंथरुणाला खिळली. तो बटणला घेऊन गेला, चार-सहा महिन्यांत येतो म्हणाला, आणि आला नाही. त्याला तिकडेच नोकरी लागली, बटणचं नाव शाळेत घातलं, आणि आमचं लग्न फोनवर भांडून भांडून संपलं. हा माणूस लबाड असता तर बरं झालं असतं. शिव्या घालून मोकळी तरी झाले असते. पण तो सरळ आहे, म्हातारीला टाकून येऊ शकत नाही म्हणाला आणि खरंच आला नाही. अशा माणसावर राग धरायचा तरी कसा? धरला मी, पण नीट धरता आला नाही.

बराच काळ लोटल्यावर एकदा फोनवर मी बटणला मराठीत विचारलं, "जेवलास का रे?" त्याने बापाकडे बघितलं. बापाने त्याला चिनीत सांगितलं, तेव्हा कुठे त्याने मान हलवली. माझ्या पोटचं पोर, आणि मी जेवलास का विचारलं ते त्याला दुसऱ्याने समजावून सांगावं लागलं! मी फोन ठेवला, मोरीत जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडले. तोंड पुसलं आणि त्याच दिवशी फोनवर चिनी शिकायला बसले. कुठला क्लास नाही, शिक्षक नाही. जेवणाच्या सुट्टीत एका हातात पोळी, दुसऱ्यात फोन. कानात वायर घालून मशीन चालवायचे. मास्तर म्हणायचे, "बाई, बटणं चिनीत लावू नका म्हणजे झालं."

हळूहळू यायला लागलं. बटण काय बोलतो ते कळायला लागलं, मग मलाही बोलता यायला लागलं. आणि अशात एक दिवस त्याच्या बापाचा फोन आला. मराठीतच बोलला, त्याचं मराठी अजून शाबूत आहे.

"आमच्या इथल्या विद्यापीठात भाषा शिकायला बाहेरची माणसं घेतात. वर्षभर राहायला खोली, जेवण, सगळं त्यांचं. तू ये. आठवड्यातले निम्मे दिवस बटण तुझ्याकडे राहील. मी अडवणार नाही. एक वर्ष इथे काढलंस की पुढे काम मिळेल. मशीनवाल्या बाया लागतात इथे."

मग तो म्हणाला, "फक्त परीक्षा पास व्हावी लागेल. पाचवी पातळी. सर्टिफिकेट अर्जासोबत जोडायचं. आणि वयाची अट आहे. मी बघितलं, या वर्षी तू बसतेस. पुढच्या वर्षी नाही."

म्हणजे एकच खेप. पास झाले तर मुलगा, नाही तर फोन. इतकं साधं होतं ते.

परीक्षेसाठी नाव नोंदवताना त्यांनी विचारलं, कम्प्युटरवर देणार की कागदावर? कम्प्युटरला मी जन्मात हात लावलेला नाही. कॉलेजच्या पोरांची बोटं टकाटका चालणार आणि मी एकेक अक्षर शोधत बसणार, नको रे बाबा! कागद म्हटलं. कागद-पेन्सिल ऐकून मला इतकं हायसं वाटलं की येताना मी नवीन खोडरबर घेतलं, गुलाबी.

त्या रविवारी बटण फोन टेबलावर टेकवून शाळेचं लिखाण करत होता. चौकोन चौकोन छापलेली वही, एका चौकोनात एक अक्षर. मी नुसतं बघत होते. माझं ते आवडतं काम आहे. तो म्हणाला, "आई, तू पण लिही. माझं नाव लिही." (हे सगळं चिनीत हं. मी तुम्हाला मराठीत सांगतेय.)

मी ऐटीत पेन उचललं. आणि माझा हात कागदावर तसाच राहिला.

फोनवर काय होतं, आपण उच्चार टाकायचा. समोर अक्षरांची रांग येते. त्यातलं आपलं ओळखायचं आणि त्यावर बोट ठेवायचं. हजारो अक्षरं मी अशी ओळखत होते, गर्दीत शेजारीण ओळखावी तशी. पण शेजारणीचं चित्र काढ म्हटलं तर? वर एक टोपीसारखं काहीतरी, खाली रेघ, मग बाजूला... बाजूला काय होतं? बटणचं नाव. दिवसाला दहादा लिहिते मी ते. मग 'आई' लिहून बघितलं. ते अर्धं आलं. 'घर' नाही. 'पाऊस' नाही. 'उद्या' नाही.

बटण हसायला लागला. "आई, तुला लिहिता येत नाही?"

"येतं रे," मी म्हटलं, आणि कागद उलटा केला.

दुसऱ्या दिवशी कामावर खाडा करून मी परीक्षेच्या ऑफिसात गेले. म्हटलं, कम्प्युटरवर फोनसारखंच उच्चार टाकून अक्षर निवडता येतं, मला ते करून द्या, मी हात जोडते. खिडकीतला माणूस वाईट नव्हता. त्याने कुठेकुठे फोन लावले, मान हलवली. "बाई, बदलायची मुदत गेली. कम्प्युटरच्या जागाही भरल्यात." घरी आले तर दादा म्हणतो, "काय गं, लिहिता येतं म्हणत होतीस ना?" वहिनीने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने मुकाट्याने टीव्हीचा आवाज वाढवला. मी ताट तसंच ठेवून उठले. मला कुणाची दया नको होती, मला हात हवा होता, लिहिणारा.

मग जे सुरू झालं, त्याला अभ्यास म्हणायचं की वेड, ठाऊक नाही. कारखान्यात कातरणाचे ढीग असतात. मी मार्किंगचा खडू घेऊन कातरणावर अक्षरं काढायचे, बाह्यांच्या तुकड्यांवर, कॉलरच्या पट्ट्यांवर. मास्तर एकदा खरंच चिडले, कारण मी चांगल्या पाठीच्या कापडावर 'हवामान' लिहून ठेवलं होतं. एक शर्ट तसाच पुढे गेला असता.

आणि शिक्षक कोण? बटण! पूर्वी तो फोनवर आला की दोन मिनिटांत चुळबुळ करायचा, "जाऊ?" म्हणायचा, आणि मी "जा" म्हणायचे. आता रोज संध्याकाळी तोच फोन लावून बसायचा. आधी कोणती रेघ, मग कोणती, हे तो वही कॅमेऱ्यापुढे धरून दाखवायचा. मग मी काढायचं आणि कॅमेऱ्यापुढे धरायचं. त्याच्या शाळेतली बाई चांगल्या अक्षराभोवती लाल गोल काढते म्हणे. तो मला पडद्यावरच बोटाने गोल काढून दाखवायचा. पण देताना इतका कंजूष! "वाकडं आहे. परत." "हे अक्षर नाही आई, हा किडा आहे. परत." मी म्हणायचे, अरे माझ्या राजा, जरा दम धर की. तो कसला दम धरतो. बापाने ओरडून जेवायला नेईपर्यंत माझी सुटका नसायची. खरं सांगते, मरणाची भीती पोटात असूनसुद्धा इतके सुखाचे दिवस मी कितीतरी काळात बघितले नव्हते.

एक दिवस त्याने फोन उचलला आणि खोलीभर फिरवला. त्याच्या लिहायच्या टेबलावर मधोमध त्याने निळी चिकटपट्टी लावली होती, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"ही बाजू माझी. अर्धं टेबल तुझं," तो म्हणाला. "तू आलीस की इथे बसून लिहायचं. माझ्या बाजूला हात आणायचा नाही."

त्याच्या बाजूला वह्या, पेनं, खेळण्यातली गाडी, संत्र्याची सालं, सगळा पसारा. माझी बाजू त्याने पुसून लख्ख ठेवली होती. "नाही आणणार," मी म्हटलं. फोन ठेवल्यावर मला फार भीती वाटली. अहो, पोराने जागा करून ठेवली होती.

परीक्षेच्या दिवशी एका कॉलेजच्या वर्गात बसलो. सगळी विशीतली पोरं, क्लासची, एकमेकांना ओळखणारी. एका मुलीने मला विचारलं, "तुम्ही कुणाला सोडायला आलात?" म्हटलं, "मलाच." पर्यवेक्षक बाईंनी सगळ्यांचे फोन बंद करायला लावून पिशव्यांत टाकले आणि पिशव्या फळ्याखाली ओळीने ठेवल्या. माझी अडीच-तीन हजार अक्षरं त्या पिशवीत गेली असं मला वाटलं.

ऐकायचा भाग सुरू झाला आणि मला हसूच आलं. इतकं स्पष्ट, इतकं सावकाश! तोंडात घास धरून, पळत पळत बोलणाऱ्या बटणचं ज्याने ऐकलंय त्याला हे म्हणजे काहीच नाही. वाचायच्या भागातही हात अडला नाही. चेहरे सगळे ओळखीचे. मनात म्हटलं, होतंय की गं! दोन भाग घसघशीत झाले तर तिसऱ्यात थोडं कमी पडलं तरी निभावेल.

तिसरा भाग लिहायचा. त्यातली विस्कटलेली वाक्यं जुळवायची होती, शब्द समोरच छापलेले, ते बघून बघून उतरवले. मग पाच शब्द देऊन परिच्छेद लिहायला सांगितला होता. ते पाच शब्द मी इतक्यांदा फिरवून वापरले की वाचणारा हैराण झाला असेल. लिहिता लिहिता माझ्या ध्यानात आलं की अरे, अक्षरं तर माझ्यासमोरच आहेत! एवढी जाडजूड पुस्तिका चिनीने भरलेली. मला जे अक्षर आठवत नाही, ते मागच्या पानांवर कुठेतरी असणारच. माझं ओळखायचं काम पक्कं आहे. शोधायचं आणि उतरवायचं. फोनवर तरी दुसरं काय करते मी?

शेवटी होतं चित्र. चित्रावरून आपल्या मनाने परिच्छेद लिहायचा. चित्रात एक मोबाइल होता आणि त्यावर तिरकी लाल काट मारलेली. इथे फोन वापरू नये, अशी ती पाटी. क्लासच्या पोरांनी लिहिलं असेल, दवाखान्यात शांतता राखावी, गाडी चालवताना बोलू नये. माझ्या डोळ्यांपुढे ते काही आलंच नाही. काय लिहायचं ते मला त्या क्षणी पूर्ण ठाऊक होतं. माझा मुलगा लांब राहतो. मी त्याला रोज फोनमध्ये बघते. फोनमध्ये त्याला मिठी मारता येत नाही. मला फोन नको, मुलगा हवा.

'मुलगा' बटणने शिकवला होता. 'लांब' मला मागे सापडलं, रेल्वेच्या प्रश्नात. 'रोज' व्यायामाच्या उताऱ्यात. मी पानं उलटत होते, सापडलं की पुढे येऊन चौकोनात उतरवत होते, पुन्हा मागे. आता 'मिठी' हवी होती. ग्राहक होते, कंपनी होती, मॅनेजर होते, विमानाला उशीर होत होता, पोहण्याचे फायदे होते. एवढ्या जाड पुस्तिकेत कुणी कुणाला जवळ घेतच नव्हतं. मी पानामागून पान उलटत गेले, आणि पानावर एक हात आला.

"मागचे भाग संपलेत," पर्यवेक्षक बाई हळू आवाजात म्हणाल्या. "तिथे आता जायचं नाही."

"मी उत्तरं बदलत नाहीये हो. अक्षर शोधतेय."

"ते मला कसं कळणार? नियम सगळ्यांना सारखा." त्यांनी पुस्तिका शेवटच्या पानावर उघडून माझ्यापुढे ठेवली, आणि जायच्या ऐवजी दोन पावलांवर उभ्या राहिल्या. त्यांचं काय चुकलं? काहीच नाही. पण तेव्हा मला त्या बाईंचा गळा धरावासा वाटला.

समोर चौकोनच चौकोन. मी 'मिठी'साठी एक चौकोन मोकळा सोडला आणि पुढे गेले. म्हटलं, मागाहून भरू. पुढचं अक्षर आठवेना, तोही सोडला. मग बटणने घोटून घेतलेली अक्षरंसुद्धा पळाली. मी डोळे मिटून त्याची वही आणायचा प्रयत्न केला. वही दिसली, त्याची मळकी नखं दिसली, अक्षर दिसेना! देवा, मी मनात ओरडत होते, माझं सगळं घे, मला ही चार अक्षरं दे. शेजारच्या मुलीची पेन्सिल सरसर चालली होती. तिचा आवाज मला सहन होईना. शेवटचं वाक्य मी काहीतरी करून लिहिलं. फोन नको. मुलगा हवा. ते पूर्ण आलं. बाकीचा कागद दात पडलेल्या तोंडासारखा, मध्ये मध्ये भोकं. घंटा झाली आणि बाईंनी तो माझ्या हातातून हळूच काढून घेतला.

निकाल कामावर असताना आला. मशीन बंद करून मी फोन उघडला. ऐकण्याचे गुण उत्तम. वाचनाचे त्याहून चांगले. लिहायचे इतके कमी की बेरीज रेघेच्या खाली राहिली. फार नाही, जराशी खाली. जराशासाठी हुकलेलंच तर जिवाला जास्त लागतं. शेजारच्या मशीनवरच्या बाईने विचारलं, काय झालं गं? मी म्हटलं, काही नाही, दोरा तुटला. आणि सुट्टी होईपर्यंत बटणं लावत राहिले, एकही वाकडं लागलं नाही.

बटणच्या बापाला आधी सांगितलं. त्याने किती गुण कमी पडले ते विचारलं. मग म्हणाला, "मी विद्यापीठात जाऊन विचारून आलो होतो, थोडे गुण कमी पडले तर घेतात का. नाही म्हणाले." मी विचारायच्या आधीच तो जाऊन आला होता, बघा. म्हणूनच म्हटलं, रागसुद्धा धरता येत नाही. "बटणला मी सांगू का?" त्याने विचारलं.

"नको. मी सांगते. माझी परीक्षा आहे."

संध्याकाळी बटणने फोन टेबलावर टेकवला. वही उघडीच होती. मी सरळ सांगून टाकलं. आडवळणाने सांगण्याएवढं चिनी मला येत नाही.

"आई नापास झाली."

तो म्हणाला, "मग परत बस. आमच्या वर्गातला एकजण परत बसला होता."

"परीक्षेला परत बसता येईल. पण ती खोली पुढच्या वर्षी मला मिळणार नाही. माझं वय जास्त होईल."

"मग तू कधी येणार?"

मला खोटं बोलता आलं असतं. लवकरच, हा शब्द मला येतो, ऐकायला, वाचायला, बोलायलाही. "माहीत नाही रे," मी म्हटलं. "खरंच माहीत नाही."

तो रडला नाही. मान खाली घालून टेबलावरच्या निळ्या पट्टीचं टोक नखाने खरवडायला लागला. टोक सुटलं. त्याने ते धरून वर ओढलं, टेबलावरून पट्टी चर्रकन वीतभर निघाली. मी बघत राहिले. ओरडून थांब म्हणावंसं वाटलं, पण कुठल्या तोंडाने म्हणणार होते मी?

मग तो ओढायचा थांबला.

"कुठलं अक्षर आलं नाही तुला?" त्याने खाली बघतच विचारलं.

मी सांगितलं. मिठी.

"ते तर सोपं आहे!" तो एकदम वर बघून चिडून म्हणाला. "ते लहान मुलांना पण येतं! मला का नाही विचारलंस?" आणि मग माझं पोर रडायला लागलं, तोंड वाकडं करून, अगदी इथून जाताना रडलं होतं तसं. फोनमध्ये मी काय करणार? पडद्यावर हात ठेवला. पडदा गरम झाला होता नुसता.

बऱ्याच वेळाने त्याने बाहीने नाक पुसलं. निघालेली पट्टी पुन्हा टेबलावर नीट बसवली, अंगठ्याने दाबत दाबत पार कडेपर्यंत नेली. तरी तिला मध्ये एक सुरकुती राहिलीच. मग वही ओढली, एका चौकोनात मोठ्ठं अक्षर काढलं आणि कॅमेऱ्यापुढे धरलं.

"पेन घे," तो म्हणाला. "आधी डावीकडचं."

मी पेन घेतलं. काढलं. कॅमेऱ्यापुढे धरलं.

"वाकडं आहे," बटण म्हणाला. "परत."